बेल्जियमच्या गाण्यातला आमचा कोमल रे

शेखर घरासमोर उभ्या असलेल्या गाडीत बसला. त्याने पट्टा लावला. किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. डबा विसरला म्हणून सुनंदावहिनी तो द्यायला बाहेर आल्या, तेव्हा तो सीटवर बसल्याबसल्याच गेला होता. तो मंगळवार होता. बुधवारी मी ऑफिसला गेलो, कारण फोन ऐकायचे होते.

फोन ऐकायचे म्हणजे काय, हे सांगायला हवं. हे काम आता कोणी करत नाही आणि थोड्या वर्षांनी ते कोणी करत होतं यावर विश्वासही बसणार नाही. आम्ही रिंगटोन बनवत होतो. पुण्यात माझी आई शेजारपाजारी 'मुलगा टेलिफोन खात्यात आहे' असं सांगायची, आणि मी तिला दुरुस्त करायचो नाही.

अमेरिकेत, एडिसनजवळ एका दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. खाली दातांचा दवाखाना. एकच सुरावट आमच्याकडे दिवसभर पुन्हा पुन्हा वाजायची, आणि खाली तोंड उघडं ठेवून पडलेल्या माणसांना ती ऐकण्यावाचून गत्यंतर नसे. दवाखान्यातली बाई अधूनमधून वर येऊन विचारायची, "आज तरी गाणं बदलणार का?"

त्या वेळच्या फोनमध्ये गाण्याचं रेकॉर्डिंग मावत नसे. फोनला फक्त सूचना देता येत: आता पियानोचा हा स्वर, इतका वेळ, त्याच्याखाली हे तीन स्वर, मध्ये ढोल. फोन आपल्या पोटातल्या इवल्याशा वाद्यांवर त्या सूचना वाजवायचा. तेव्हा कोणीतरी मूळ गाणं कानाने ऐकून ते स्वरास्वराने उतरवून काढणं भाग होतं. ते शेखर करायचा. प्रत्येक कंपनीच्या फोनमधली वाद्यं वेगळी. एकात जी बासरी वाटे ती दुसऱ्यात कुकरच्या शिट्टीसारखी निघे. म्हणून तयार झालेली प्रत्येक सुरावट रॅकवर मांडलेल्या सगळ्या फोनवर वाजवून ऐकावी लागे. ते मी करायचो. इवल्या स्पीकरातून खर्ज येतच नाही; तो एक सप्तक वर उचलावा लागतो. आणि गाण्याची ओळखीची ओळ पहिल्या क्षणालाच यावी लागते. बाई पर्समध्ये हात घालून फोन शोधत असते, तिला प्रस्तावना ऐकायला वेळ नसतो.

आम्ही दोघेही संगणकवाले. २००१ साली नोकऱ्या गेल्या त्यात आमच्याही गेल्या. मी पदार्थविज्ञान शिकलेला, कामापेक्षा पुस्तकांत जास्त रमणारा. शेखर नागपूरचा, लहानपणापासून पेटी शिकलेला आणि इथल्या महाराष्ट्र मंडळाचा हक्काचा साथीदार. आमचा मालक ग्रेग पूर्वी लग्नांत ड्रम वाजवायचा. मुलाखतीत त्याने शेखरला एक गाणं ऐकवलं आणि विचारलं, "हे लिहून काढायला किती वेळ लागेल?" शेखर म्हणाला, "चहा मिळेल का?" चहा संपला तेव्हा गाणं कागदावर होतं.

त्याची पद्धत वेगळी होती. ऑफिसातले इतर दोघे हेडफोन लावून थेट कीबोर्डवर सूर चाचपडायचे. शेखर आधी गाणं ऐकायचा, मग हेडफोन काढून ते सरगममध्ये पुटपुटायचा, मग टेबलाखालून पेटी काढायचा. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून घेतलेली ती पेटी सुती ओढणीत गुंडाळलेली असे. तिला नमस्कार करायचा, मांडीवर घ्यायचा आणि वाजवायचा. हातात बसल्यावरच सूर कीबोर्डवर जायचे. "डोक्यातून गेलेलं विसरतं बे, हातातून गेलेलं विसरत नाही," असं तो म्हणायचा. अमेरिकेतला कितीतरी हिपहॉप आधी पेटीवर वाजला आणि मग लोकांच्या खिशात गेला, हे फारसं कोणाला माहीत नाही.

गिऱ्हाइकांची पत्रंही माझ्याकडेच येत. ओहायोतल्या एका गृहस्थांचा कुत्रा आमच्या एका रिंगटोनला रडायचा. त्यांना तीच हवी होती, पण कुत्रा रडणार नाही अशी. एका आजींनी भजनाची रिंगटोन घेतली होती. त्यांनी लिहिलं, मी वॉकर धरून फोनपर्यंत पोचते तोवर देवाचं नाव संपतं, जरा लांबवाल का? शेखरने ती त्यांच्यासाठी लांबवून दिली, आणि प्रत्येक कडव्यानंतर थोडा विसावाही ठेवला. एका अंत्यसंस्कारगृहाच्या मॅनेजरला दुःखी नसलेली पण आनंदीही नसलेली धून हवी होती. शेखर म्हणाला, "याला नुसता तानपुरा पाठव." पाठवला. त्याचं आभाराचं पत्र आलं.

आणि मग ते गाणं आलं.

त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर वाचक ते शोधून ऐकतील, आणि मूळ रेकॉर्डमध्ये शेखरचा स्वर नाही. ते बेल्जियममधून आलेलं नाचाचं गाणं होतं, युरोपात उन्हाळाभर गाजलेलं: घणाघाती ठेका, एका बाईचा थंड आवाज, धड इंग्रजी नाही आणि दुसरंही काही नाही असे शब्द, आणि मधोमध शब्दांशिवायची एक सिंथेसायझरची ओळ. लोक गाणं विसरले तरी ती ओळ विसरत नसत. इकडे रेडिओ ते वाजवायला तयार नव्हता. फक्त मायामीच्या क्लबांत आणि काही जिममध्ये ते पोचलं होतं. ग्रेगने ते रेडिओच्या आधी उचललं. "गाइज, ही ओळ फोनसाठीच जन्माला आली आहे," असं तो म्हणाला.

शेखरने ती एका सकाळी उतरवली. आदल्या दिवशी मंडळाच्या गणपतीत गाणं झालं होतं. शेवटी भैरवी झाली, लोक उठेनात म्हणून आणखी एक झाली आणि मग आणखी एक. शेखरची बोटं दुखत होती आणि तो खुशीत होता. त्याने ओळ पुटपुटली, पेटीवर वाजवली, कीबोर्डवर नेली. मी ती रॅकवरच्या सगळ्या फोनवर ऐकली. खर्ज वर घ्यायला सांगितलं. बाकी सगळं मला बरोबर वाटलं. मान्यतेसाठी बेल्जियमला पाठवली, तिकडून 'ओके' एवढंच उत्तर आलं.

पुढे जे झालं त्याला आजही मी नीट कारण देऊ शकत नाही. गाणं अमेरिकेत आधी खिशात वाजलं आणि मग रेडिओवर. शाळांच्या बसमध्ये, बर्फावरच्या स्केटिंगच्या मैदानांत, सुपरमार्केटच्या रांगेत ती ओळ वाजू लागली. ग्रेगने आमची रिंगटोन ब्राझील, पोलंड, फिलिपिन्स अशी देशोदेशी दिली. दवाखान्यातली बाई वर येऊन म्हणाली, "आता घरीही हेच. माझ्या मुलाने लावलंय."

मग मिनेसोटातल्या एका पियानो शिक्षिकेचं पत्र आलं. सभ्य पत्र होतं. तिने लिहिलं होतं की तुमच्या रिंगटोनमध्ये ओळीतला शेवटून दुसरा स्वर मूळ गाण्यापेक्षा अर्धा स्वर खाली आहे. माझे विद्यार्थी आता तो तुमच्यासारखाच वाजवतात आणि मी सांगितलं तर माझंच चुकतंय म्हणतात. कृपया दुरुस्त करा.

मी पत्र शेखरला वाचून दाखवलं. त्याने मूळ सीडी लावली. ओळ ऐकली. पुन्हा ऐकली. मग मान खाली घातली.

"अबे," तो म्हणाला, "मी हिला भैरवी लावली."

जाणत्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. बेल्जियमवाल्यांची ओळ ग, रे, सा अशी उतरत होती. ग कोमल, पण रे शुद्ध. कोमल ग वरून सा वर येताना शेखरचा हात, आदल्या दिवशीच्या तीन भैरव्यांनंतर, आपोआप कोमल रे वर पडला होता. खालचे स्वरही त्याने त्या रे ला सांभाळून घेतील असे बसवले होते, म्हणून काही खटकत नव्हतं. आणि तपासायला कोण? तर सगळ्या मैफिली भैरवीने संपताना ऐकत मोठा झालेला मी. गाणं संपताना असाच रे लागतो हे माझ्या कानाने गृहीत धरलं होतं. ऑफिसातल्या दुसऱ्या कोणीही ती ओळ उतरवली असती, किंवा दुसऱ्या कोणीही तपासली असती, तर हे झालं नसतं.

मी हसलो. शेखर हसला नाही.

"गुरुजींनी ऐकलं तर पेटीचं झाकण बोटांवर आपटतील."

"गुरुजी नागपुरात. त्यांच्याकडे मोबाइल नाही."

"शेजाऱ्याकडे असेल ना! पोलंडमध्ये पोचलं, तर धरमपेठेत पोचायला काय होते?"

त्याच दुपारी त्याने शुद्ध रे ची सुरावट तयार केली आणि ग्रेगने ती जुनीच्या जागी ठेवली. दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे तक्रारी येऊ लागल्या. हे ते गाणं नाही. हे नकली आहे. शेवट बिघडवला. पैसे परत द्या. आठवड्याच्या आत ग्रेगने कोमल रे परत आणला.

शेखर ग्रेगच्या केबिनमध्ये गेला. मीही बरोबर गेलो.

"ग्रेग, हे चूक आहे."

"शेक, लोकांना हीच चूक हवी आहे."

"गाणं त्यांचं आहे, बेल्जियमचं. आपल्याला कोणी विचारलं होतं?"

"त्यांनी ओके दिलंय. त्यांना हरकत नाही, मला नाही, गिऱ्हाइकांना नाही. हरकत फक्त तुला आहे."

"हो, मला आहे," शेखर म्हणाला, आणि बाहेर आला.

त्यावर आम्ही बरेच दिवस वाद घातला. मी म्हणायचो की इतक्या लोकांना आवडतोय, तर तोही एक पाठभेद समज. ज्ञानेश्वरीतही असतात. तो म्हणायचा, "पुणेकरा, पाठभेद जाणून होतो. हा झोपेत झाला." त्याचा मुद्दा साधा होता. त्याला एकच गोष्ट नीट येत होती असं तो समजत होता, ती म्हणजे ऐकलं तसं वाजवणं. इंजिनिअर म्हणून तो बेताचा होता, गाडी वाईट चालवायचा, इंग्रजी बोलताना अडखळायचा. पण ऐकलेला स्वर तो चुकवत नसे. आणि जगभर गेली ती नेमकी चूक. मंडळात त्याने हे कोणालाही सांगितलं नाही. दुरुस्त केलेली फाइल त्याने सर्व्हरवर जपून ठेवली. नवी आवृत्ती निघेल तेव्हा ती घालू, असं तो ग्रेगला दर काही महिन्यांनी म्हणायचा, आणि ग्रेग "शुअर" म्हणायचा.

मूळ गायिका अमेरिकेच्या दौऱ्यावर आली तेव्हा आम्हाला अटलांटिक सिटीची फुकट तिकिटं मिळाली. शेखरने त्याच्या मुलीला आणलं होतं. इरा तेव्हा शाळेत होती. स्वेटर घातलेले दोन काका मागे उभे पाहून ती आमच्यापासून चार हात लांबच राहिली. ते गाणं आलं. मधली ओळ सिंथेसायझरवर एकदा वाजली, आणि मग गायिकेने माइक लोकांसमोर धरला. सगळा हॉल ती ओळ म्हणू लागला. शेवटाला गायिका शुद्ध रे म्हणाली आणि हॉल कोमल. दोन्ही स्वर एकमेकांवर आदळले. ती चमकली. दुसऱ्या खेपेला तिने कान दिला. तिसऱ्या खेपेला ती हसली आणि हॉलबरोबर कोमल रे वर उतरली.

शेखर हाताची घडी घालून उभा होता.

"सगळे चुकून राहिले," तो म्हणाला. आणि मग म्हणाला, "पण सुरात चुकून राहिले."

इराने ते ऐकलं. परत येताना गाडीत ती हेच वाक्य त्याची नक्कल करत म्हणत राहिली.

त्यानंतर फोन बदलले. रेकॉर्डिंगच फोनमध्ये मावू लागलं. आता गाणं उतरवून काढायची गरज उरली नाही. कात्रीने तुकडा कापावा तसा मूळ गाण्याचा तुकडा कापायचा. आमचे दोन सहकारी गेले. शेखरला ग्रेगने ठेवलं होतं, पण काम नव्हतं. तो पेटीवरची ओढणी सोडायचा आणि पुन्हा बांधायचा. अशात तो मंगळवार आला.

शेखरला निरोप द्यायला अंत्यसंस्कारगृहात मंडळाची बरीच माणसं होती. नागपूरच्या गुरुजींना जाऊन तर वर्ष झालं होतं. कोणीतरी गीतेचा अध्याय वाचत असताना मागच्या रांगेत एक फोन वाजला. तीच ओळ. त्या माणसाने घाईघाईने फोन बंद केला. ओळ ग वर थांबली. मी पुढच्या स्वराची वाट पाहिली. तो आला नाही.

काही आठवड्यांनी ग्रेगने मला बोलावलं. जुन्या पद्धतीच्या सगळ्या सुरावटी सर्व्हरवरून काढायच्या होत्या. मात्र एका परदेशी कंपनीला त्या हव्या होत्या, कारण तिकडे अजून जुने फोन चालू होते. प्रत्येक गाण्याची एकच प्रत पाठवायची होती.

"त्या गाण्याच्या दोन आहेत," मी म्हणालो.

"माहीत आहे," ग्रेग म्हणाला. "तू ठरव. आता कोणाला काय फरक पडतो?" मग खिडकीकडे बघत म्हणाला, "मी त्याला शुअर म्हणत राहिलो, नाही का?"

मला ठरवता येईना. शनिवारी दुपारी मी सुनंदावहिनींकडे गेलो. त्यांनी चहा टाकला. इरा डायनिंग टेबलावर अभ्यास करत बसली होती. मी सगळं सांगितलं. एक फाइल जाईल, एक पुसली जाईल. शेखरची इच्छा मला माहीत होती. माझी वेगळी होती. जगभर पोचलेलं त्याच्या हातचं ते एकच होतं आणि ते माझ्या हाताने पुसावं असं मला वाटत नव्हतं.

"त्यांना हवी होती ती पाठवा," वहिनी म्हणाल्या. "बरोबरवाली."

"नो!" इरा म्हणाली. "आई, ती कोणालाच माहीत नाही. नोबडी नोज दॅट वन."

"इरा, बाबाला लाज वाटायची त्याची."

"ही वॉज नॉट अशेम्ड. ही सँग इट इन द शॉवर."

वहिनी वळल्या. "कोणतं?"

"दोन्ही. आधी राइट वन, मग राँग वन." ती वहीकडे बघत होती. "एव्हरी टाइम. राँग वन लास्ट."

वहिनी गॅसजवळ गेल्या. चहा उकळून वर येत होता, त्यांनी तो खाली घेतला, गाळला, कप माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाल्या, "तरी बरोबरचीच पाठवा, भाऊजी. न्हाणीघरात म्हणायचं वेगळं. बाहेर जाताना माणूस नीट कपडे करूनच जातो."

मी सोमवारी शुद्ध रे ची फाइल पाठवली. कोमल रे ची पुसली. त्याआधी ती रॅकवरच्या सगळ्या फोनवर एकदा ऐकली. ते कामाचा भाग नव्हतं. खालून कोणी तक्रार करायला आलं नाही.

कंपनी पुढे बंद झाली. वरचा मजलाही आता दातांच्या दवाखान्याने घेतला आहे. मी एका विमा कंपनीत संगणकाचं काम करतो. तिथे ऐकायला काही नसतं, वाचायला वेळ मिळतो.

या वर्षी इरा नॉर्थ कॅरोलायनाला कॉलेजात गेली. सप्टेंबरात एका शनिवारी तिचा फोन आला. मागे प्रचंड गोंगाट होता.

"अनिलकाका, ऐक. फक्त ऐक."

तिने फोन उंच धरला असावा. कॉलेजच्या फुटबॉलच्या मैदानावर बँड वाजत होता. इतकी वर्षं इवल्या स्पीकरातून ऐकायची सवय असल्यामुळे मला कळलं की खर्ज येत नाही, मोठे ढोल येत नाहीत, फक्त ट्रंपेट येत आहेत. ते ती ओळ वाजवत होते. त्या मुलांच्या समोर कोणीतरी छापलेलं नोटेशन असणार, आणि त्यानेही ते कुठूनतरी ऐकून लिहिलेलं असणार. ओळ खाली उतरली. ग, मग कोमल रे, मग सा. मैदान ओरडलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"राँग आहे ना?"

"हो, चुकलंय."

"पण सुरात?"

मी तिला थांबायला सांगितलं. ओळ पुन्हा येणार होती. आली. मी शेवटपर्यंत ऐकली.

"हो," मी म्हणालो. "सुरात."

बँड वाजत राहिला. मग ती म्हणाली, "आईला पण आत्ताच फोन केला होता. तिने पूर्ण ऐकलं. शेवटी म्हणाली, चुकले. आणि मग म्हणाली, परत वाजवले तर परत लाव."

पेटी सुनंदावहिनींकडे आहे. दसऱ्याला त्या तिच्यावर झेंडूचं फूल ठेवतात. ती अजून कोणी उघडलेली नाही. फाइल नाही, रॅक नाही, ते फोनही नाहीत. तो रे अजून चुकीचाच आहे, आणि लोक तो म्हणतात.